लेथ ‘लेव्हल’ नसेल तर टेपर येतो?

लेथ (धातू फिरवत कातायचं मशीन) चालवताना जॉबवर, म्हणजे कातायच्या तुकड्यावर, टेपर आला, म्हणजे तो एका टोकाला जाड नि दुसऱ्याला बारीक झाला, की पहिला सल्ला ठरलेला: लेथची लेव्हल गेली, पाणसळ लावा. हे अर्धंच खरं आहे. लेथला जमिनीशी काही देणंघेणं नसतं. डोलणाऱ्या जहाजांवरही लेथ चालतात आणि सरळ जॉब देतात. बाधतो तो बेडमधला (टूल ज्यावरून सरकतं त्या लांब पाटातला) पीळ. अख्खं मशीन एका बाजूला कललं तरी बेड सरळच राहतो (फार तर कूलंट भलतीकडे वाहील). पण टेलस्टॉककडचा (जॉबच्या मोकळ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाकडचा) एकच पाय वर-खाली झाला, की बेड पिळतो आणि टूल कॅरेजसोबत (बेडवरून सरकणाऱ्या भागासोबत) सरकताना जॉबपासून दूर किंवा जवळ जातं.

मग ०.०२ मि.मी./मीटरची (मीटरमागे एवढासा उतारही दाखवणारी) पाणसळ कशाला? दोन्ही टोकांचं आडवं रीडिंग जुळतंय का, एवढंच पाहायला. बुडबुडा मध्यावर हवाच असं नाही.

खरा निकाल जॉब देतो. जाड बार नुसत्या चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात) धरा, टेलस्टॉक लावू नका. दोन टोकांना दोन कॉलर (उंच पट्टे) ठेवून क्रॉस स्लाइड (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणारी स्लाइड) न हलवता दोन्हींवर हलका कट घ्या, मायक्रोमीटरने मापा. टेलस्टॉककडची कॉलर जाड भरली तर त्या टोकाचा पुढचा, म्हणजे ऑपरेटरकडचा, पाय किंचित उचला. पुन्हा कट, पुन्हा माप.