सर्व्हरची मागणी ते सर्व्हरची यादी : सेल्फ-सर्व्हिस कॅटलॉगची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली इंजिनिअरिंग झालेली कितीतरी मुलं आज पुण्या-बंगळुरात क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या, कामावर आहेत. पोर्टल उघडायचं, यादीतला सर्व्हर निवडायचा, बटण दाबायचं, की चहा होईपर्यंत लॉगिन हातात पडतं. अशी ज्याची त्याने निवडून घ्यायची यादी म्हणजे सेल्फ-सर्व्हिस कॅटलॉग. त्यांना हे रोजचंच झालं आहे, पण त्यामागे तीन दशकांची घडण आहे.

पूर्वी सर्व्हर म्हणजे खरोखरच लोखंडी पेटी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीला ईआरपी (हिशोब, साठा, उत्पादन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायचं तर आधी कोटेशन, मग परचेस ऑर्डर, मग माल यायची वाट, मग रॅक, केबल आणि सीडीवरून ऑपरेटिंग सिस्टीम. यात महिना-दीड महिना गेला तरी कुणाला नवल वाटत नसे. आयटी विभागाने नेमकं काय द्यायचं, किती वेळात द्यायचं, हे लिहून ठेवण्याची शिस्त ब्रिटनमधून आली. तिथल्या सीसीटीए या सरकारी संस्थेने 1989 पासून आयटीआयएलची, म्हणजे आयटी सेवा कशी चालवावी याच्या मार्गदर्शनाची, पुस्तकं काढली. 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हिस कॅटलॉग सांभाळणं ही स्वतंत्र प्रक्रिया ठरली. यादी तयार झाली खरी, पण यादीतली वस्तू अजून माणसंच हातांनी बनवत होती.

व्हीएमवेअर कंपनीचं ईएसएक्स सर्व्हर हे सॉफ्टवेअर 2001 मध्ये आलं आणि एका पेटीत अनेक सर्व्हर मावू लागले. टेम्पलेटवरून, म्हणजे तयार साच्यावरून, नवी व्हीएम (पेटीच्या आतला सॉफ्टवेअरचा सर्व्हर) काही मिनिटांत उभी राहायची. तरी मागणाऱ्याला ती मिळायला आठवडे लागतच होते! आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, नेटवर्कवाला देणार, फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणारं दार, सिक्युरिटीवाला उघडणार, बॅकअपची नोंद तिसराच करणार आणि मंजुरीचा मेल साहेब रजेवरून आल्यावर निघणार. या साऱ्या इतिहासात मला हाच टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यंत्राचा वेळ संपला तेव्हाच माणसांतला वेळ उघडा पडला. ज्याची ओळख त्याचं काम आधी, हेही तेव्हाच ठळक दिसलं.

ऑगस्ट 2006 मध्ये ॲमेझॉनने ईसी2 ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा खुली केली : तासाला दहा सेंट, क्रेडिट कार्ड पुरे. कंपन्यांतले डेव्हलपर स्वतःच्या आयटी विभागाला वळसा घालून बाहेरून सर्व्हर घेऊ लागले. डेटा कुठे आहे, बिल कोण भरतंय, याचा पत्ता नाही. मग आतल्या आयटीलाही तितकीच चटपटीत सेवा देणं भाग पडलं. नासा आणि रॅकस्पेस यांनी 2010 मध्ये ओपनस्टॅक सुरू केलं, म्हणजे स्वतःचं क्लाउड उभारायचं मुक्त सॉफ्टवेअर. सप्टेंबर 2011 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने क्लाउडची व्याख्या केली. तिच्या पाच लक्षणांतलं पहिलंच लक्षण असं की देणाऱ्याकडच्या कुठल्या माणसाला न गाठता ग्राहकाला हवं ते घेता यावं. पुढे 2015 मध्ये ॲमेझॉननेच कंपन्यांसाठी सर्व्हिस कॅटलॉग आणला. कंपनीने मंजूर केलेल्या वस्तूच कर्मचाऱ्याला त्यात दिसतात.

आज बटण दाबल्यावर आत काय घडतं? फॉर्ममध्ये चार सीपीयू, 16 जीबी मेमरी, 'टेस्ट' वापर आणि खर्चाचं खातं भरलेलं असतं. ठरलेल्या मर्यादेत असेल तर मंजुरी आपोआप, त्यावर असेल तर मॅनेजरकडे. मग मोकळा आयपी घेतला जातो, डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदीत) नाव चढतं, टेम्पलेटवरून व्हीएम उभी राहते, अँटीव्हायरस बसतो, बॅकअप लागतो, मालमत्तेच्या नोंदवहीत भर पडते. शेवटी मुदत लागते. 30 दिवसांनी कुणी वाढवून घेतली नाही तर मशीन बंद. यातला प्रत्येक निर्णय कुणीतरी आधीच बसून, वाद घालून घेतलेला असतो. खरी मेहनत तिथे आहे. हे सगळं आपोआप करणारी स्क्रिप्ट नंतर येते.

आपल्या सीमाभागाला ही विचारसरणी सरकारी खिडकीवर भेटली. कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पाने जमिनीचे सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले. फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकाली काढायचे, मधला उचलून पुढे घ्यायचा नाही, हे बंधन सॉफ्टवेअरनेच घातलं. तलाठ्याशी ओळख नसलेल्या शेतकऱ्यासाठी ही मोठी गोष्ट होती. 2 एप्रिल 2012 पासून 'सकाल', म्हणजे सरकारी सेवा ठरल्या वेळेत देण्याची कर्नाटकाची योजना, राज्यभर लागू झाली : 11 खात्यांच्या 151 सेवा, प्रत्येकीला ठरलेली मुदत, अर्जदाराला 15 अंकी क्रमांक आणि उशीर झाल्यास दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई. सेवांची यादी, मुदत, माग काढायचा क्रमांक, असा कॅटलॉगचा सगळा सांगाडा त्यात आहे.

पण उतारा कानडीत येतो, म्हणून खानापूरच्या मराठी शेतकऱ्याला तो वाचून घ्यायला अजूनही कुणीतरी लागतंच. कंपन्यांच्या कॅटलॉगमध्येही हेच होतं. वस्तूचं नाव 'आरएचईएल-8-2सी-8जी-डीएमझेड' असं ठेवलं की अकाउंट्सवाल्या बाई फोन उचलून आयटीतल्या ओळखीच्या मुलालाच विचारतात. ज्याने मागायचं त्याच्या भाषेत यादी लिहिणं हे काम अजून बहुतेक ठिकाणी बाकी आहे.

2014 मध्ये टेराफॉर्म हे साधन आल्यापासून सर्व्हर-नेटवर्कची अख्खी रचना कोडमध्ये लिहून ठेवता येते, तिच्या आवृत्त्या जपता येतात. कॅटलॉगमधल्या अनेक वस्तूंच्या मागे आता असाच कोड असतो. 2016 मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई केंद्र सुरू झालं, तेव्हा स्वतःचं डेटा सेंटर न परवडणाऱ्या बेळगावच्या कारखान्यांनाही देशातच डेटा ठेवून हा मार्ग खुला झाला. दोन माणसांचा आयटी विभागही तीन-चार वस्तूंची यादी करू शकतो : टेस्ट सर्व्हर, फाईल शेअर, नव्या कर्मचाऱ्याचं खातं.