कडकडीत मोहन की गारढोण लोणी?

मे महिन्यात जळगावात चीज आणि हर्ब घातलेले स्कोन करायला घेणं हा वेडेपणाच होता. बाहेर पारा ४४ वर, कूलर नुसती गरम हवा फेकतोय आणि पाककृती म्हणते, लोणी बर्फासारखं गार हवं. परातीत टाकलेलं बटर पाच मिनिटांत पिठाला तेल लावल्यासारखं पसरलं. ओव्हनमधून जे चपटं, टणक प्रकरण बाहेर आलं ते उलटसुलट करून काकूंनी विचारलं, "हाई काय शे? बट्टी का?" आणि मग खरा प्रश्न टाकला. चकलीला, शंकरपाळीला, बट्टीला आपण मोहन कडकडीत तापवून घालतो; मग या साहेबाच्या खाऊलाच गार लोण्याचे लाड कशाला?

प्रश्न इतका नेमका होता की हा लेख त्याचंच उत्तर आहे.

स्कोन म्हणजे स्कॉटलंडकडचा छोटा, जाड, यीस्ट न घालता केलेला पाव. पूर्वी तो चपटा असायचा आणि तव्यावर भाजला जायचा. आजचा उंच, फुगीर स्कोन बेकिंग पावडरची देणगी. बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने ती तयार केली.

आता पिठाकडे. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं रबरी जाळं तयार होतं. पोळी लाटताना ताणली जाते ती त्याच्याच जिवावर. पण चकलीत किंवा स्कोनमध्ये हे जाळं नको असतं. त्यावर उपाय एकच: पाण्याच्या आधी स्निग्ध पदार्थ पिठापर्यंत पोहोचवायचा. कणाला तुपाचा लेप बसला की पाणी आत शिरत नाही, जाळं तुटक राहतं, पदार्थ खुसखुशीत होतो. मोहन कडकडीत घालायचं कारण हेच. तापलेलं तेल पातळ होतं आणि कणाकणाला सारखं लागतं.

मग गार लोणी काय वेगळं करतं? ते सारखं लागतच नाही, आणि आपल्याला तेच हवं असतं. थंड लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चुरलं की थोडं कणांना चिकटतं, बाकीचं हरभऱ्याच्या डाळीएवढ्या तुकड्यांत तसंच राहतं. गोळा थापून, घडी घालून पुन्हा थापला की हे तुकडे दबून पापुद्रे बनतात. पीठ, लोणी, पीठ, लोणी. आपल्याकडे साट्याच्या करंजीत हेच होतं, फक्त तिथे आपण थर मुद्दाम लावतो.

खरी गंमत ओव्हनमध्ये आहे, आणि ती सगळी वेळेची आहे. लोण्यातली चरबी एकाच तापमानाला वितळत नाही. ती अनेक ट्रायग्लिसराइडांचं, म्हणजे वेगवेगळ्या चरबी-रेणूंचं, मिश्रण असते आणि प्रत्येकाचा वितळणबिंदू वेगळा. म्हणून फ्रिजमध्ये लोणी कडक, वीस अंशांच्या आसपास मऊ आणि पस्तिशीला पूर्ण पातळ. आतलं तापमान चढू लागलं की आधी तुकडा वितळतो आणि त्याच्या जागी सपाट पोकळी राहते. पुढे ६० अंशांच्या पुढे स्टार्च पाणी पिऊन फुगतं, ७०-८० च्या दरम्यान प्रथिनं घट्ट होतात. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. ६० ग्रॅम लोण्यात झालं जवळपास साडेनऊ ग्रॅम. ते सगळं वाफ झालं तर शंभर अंशांना १६ लिटर जागा मागेल! अर्थात बरीचशी वाफ निसटते आणि दुधातलं पाणीही हातभार लावतंच. पण वाफ साठते ती लोण्याने राखून ठेवलेल्या पोकळीत. भिंती पुरत्या घट्ट होण्याआधी वाफेने त्या उचलल्या पाहिजेत. म्हणून ओव्हन आधीच २१० अंशांपर्यंत तापलेला हवा. कोमट ओव्हनमध्ये लोणी वाहून ट्रेमध्ये जातं आणि पोकळी खाली बसते.

माझं लोणी तर ४४ अंशांच्या हवेत, परातीतच वितळलं होतं. म्हणजे नकळत मी मोहनच घातलं. काकूंचं निदान चुकलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला पहाटे पाचला उठलो. गोठवलेलं लोणी किसणीवर किसलं, पीठ-परात दोन्ही फ्रिजमध्ये ठेवली. (माठातलं पाणी आपल्या कोरड्या हवेत छान गार होतं, पण लोण्याला तेवढं पुरत नाही.) २५० ग्रॅम मैदा, अडीच चमचे बेकिंग पावडर, ६० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम किसलेलं चीज, लागेल तसं गार दूध, १५ मिनिटं. चीज खारट असतं, मीठ चिमूटभरच. फुगावं म्हणून वरून खायचा सोडा ओतू नका. आम्ल न मिळालेल्या सोड्याचा उष्णतेने वॉशिंग सोडा होतो आणि साबणासारखी चव येते.

थापलेला गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला, तेव्हा मोबाइलवर फिरणारा तो निरोप आठवला: मळलेलं पीठ फ्रिजमध्ये ठेवू नये, ते पिंडासारखं दिसतं, आत्मे येतात. आमच्या फ्रिजकडे आतापर्यंत फक्त मुंग्याच आल्या आहेत. कणीक काळपट पडते ती गव्हातल्या पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे), सफरचंदाची फोड पडते तशीच.

आणि 'हर्ब'? परदेशी पाककृतीत थाइम असतं. त्याच्या वासामागचा एक मुख्य रेणू थायमॉल, आणि आपल्या ओव्याचा वास म्हणजेही थायमॉलच. ओरेगानोत कार्व्हाक्रॉल असतं. दोघांचं सूत्र एकच, ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी फक्त वेगळ्या जागी बसलेली. महागड्या बाटलीची गरज नाही. ओवा हातावर चोळून घाला, सोबत कांद्याची पात. हे रेणू चरबीत विरघळतात, म्हणून चीजसोबत वास टिकतो.

या वेळी स्कोन उभे राहिले, कमरेत भेग पडून. काकूंनी एक चुरून वरण ओतलं, शेजारच्या ताटलीत बट्टी. दोन मिनिटांत स्कोनचा लगदा झाला. जाडसर दळलेल्या, उकडून तळलेल्या बट्टीने तेवढंच वरण पिऊनही दाणा सोडला नाही. "वरणाला हे कामाचं नाही," असं म्हणून त्यांनी दुसरा स्कोन चहाबरोबर घेतला.