धावस्पर्धेची ऑनलाइन नावनोंदणी

मॅरेथॉन (४२.१९५ किमी), अर्धमॅरेथॉन किंवा त्याहून छोट्या शर्यतीत उतरणाऱ्यांची माहिती आणि शुल्क इंटरनेटवरून घेऊन प्रत्येकाला धावक्रमांक देण्याची पद्धत. छातीवर लावायच्या या क्रमांकाच्या पट्टीला धावपटू ‘बिब’ म्हणतात. २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन किंवा यवतेश्वर घाट चढून कासच्या दिशेने जाणारी साताऱ्याची हिल मॅरेथॉन यांसारख्या स्पर्धांची तयारी या नोंदणीपासूनच सुरू होते.

नोंदणी उघडण्याआधी जागा ठरवाव्या लागतात. घाटाची रुंदी, पाण्याचे थांबे आणि रुग्णवाहिका यांवरून हा आकडा निघतो. अर्जात वय न विचारता जन्मतारीख विचारतात, कारण वयोगट शर्यतीच्या दिवशीच्या वयावरून ठरतो. आधीच्या शर्यतीची वेळही मागतात. वेगवान धावपटू मागे अडकले, तर अरुंद रस्त्यावर पहिल्या किलोमीटरलाच कोंडी होते. म्हणून वेळेप्रमाणे गट करून त्यांना टप्प्याटप्प्याने सोडतात. बोस्टन मॅरेथॉनने तर १९७० पासून प्रवेशासाठीच पात्रतावेळ लावली.

रक्तगट आणि घरच्या माणसाचा फोन नंबर हे रकाने अनेक जण घाईने कसेतरी भरतात. वास्तविक अर्जातले सर्वांत मोलाचे रकाने हेच. अनेक स्पर्धांत ही माहिती बिबच्या मागे असते, आणि धावपटू कोसळला तर स्वयंसेवक आधी बिब उलटून पाहतो. मित्राचे बिब लावून धावणे म्हणूनच धोक्याचे आहे: फोन भलत्याच घरी जातो. शिवाय पुरुषाने स्त्रीचे बिब लावले, तर निकालात एखाद्या मुलीचे हक्काचे स्थान जाते. ‘बिब हस्तांतरणीय नाही’ ही अट अर्जात ठळक हवी. त्यासोबत ठरावीक तारखेपर्यंत अधिकृतपणे नाव बदलण्याची सोय दिली, तर लपवाछपवी बरीच कमी होते.

तांत्रिक घोळ बहुधा पैसे भरताना होतो. शेवटच्या दहा जागांसाठी दोनशे जण एकाच वेळी पैसे भरत असतात. त्यामुळे अर्ज पूर्ण होताच जागा काही मिनिटे राखून ठेवावी लागते. मुदतीत पैसे आले नाहीत की ती मोकळी होते. खात्यातून पैसे गेले पण पोच आली नाही, की माणूस पुन्हा पैसे भरतो. यासाठी रोज बँकेकडील जमा आणि नोंदणीची यादी ताडून पाहतात. अठरा वर्षांखालील स्पर्धकांसाठी पालकांची संमती घ्यावी लागते. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही ती सांगितलेली आहे.

‘एका मोबाइल नंबरवर एकच अर्ज’ हा नियम मात्र टाळावा. खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींचे अर्ज पुष्कळदा त्यांचे प्रशिक्षक एकाच फोनवरून भरतात, आणि घाटात पुढे असतात ती बरेचदा हीच मुले.