नासाधावन (जलनेती व घरगुती लवणजल फवारा)

नासाधावन : कोमट लवणजल, म्हणजे मिठाचे सौम्य पाणी, नाकपुडीतून सोडून नासामार्ग धुण्याच्या क्रियेस नासाधावन म्हणतात. योगाभ्यासकांमध्ये ती ‘जलनेती’ या नावाने रूढ आहे. तेच पाणी अल्प प्रमाणात थेंबांनी किंवा कुपीतील फवाऱ्याने नाकात सोडले जाते, तेव्हा त्यास लवणजल फवारा म्हणतात. सर्दी-पडसे व श्वसनमार्गाचे विषाणुजन्य विकार टाळण्यासाठी हे दोन्ही प्रकार घरोघरी केले जातात. या नोंदीत दोहोंचा एकत्र विचार केला आहे. मात्र धावनात दोनशे मिलिलिटर किंवा अधिक पाणी एका नाकपुडीतून दुसरीकडे वाहते, तर फवाऱ्याच्या एका दाबात मिलिलिटरचा सुमारे दहावा भागच नाकात जातो आणि त्यातील बराचसा पुढच्या भागातच थांबतो. त्यामुळे एकाविषयीचे निष्कर्ष दुसऱ्यास जसेच्या तसे लावता येत नाहीत.

क्रियेच्या उगमाविषयी लोकप्रिय पुस्तकांत बराच गोंधळ आढळतो. जलनेती ही हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथातील षट्कर्मांपैकी, म्हणजे सहा शुद्धिक्रियांपैकी, एक आहे, असे विधान सर्रास केले जाते. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत (सामान्यतः पंधराव्या शतकातील मानली जाते) धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती ही सहा कर्मे सांगितली आहेत, हे खरे. परंतु तेथील नेती ही पाण्याची नसून सुताची आहे. ‘सूत्रं वितस्ति सुस्निग्धं नासानाले प्रवेशयेत्’ असा तो श्लोक असून वीतभर लांबीचे स्निग्ध सूत नाकात घालून तोंडावाटे बाहेर काढावे, एवढाच त्याचा आशय आहे. खांद्याच्या वरच्या भागात होणारे रोग या क्रियेने नाहीसे होतात, अशी फलश्रुती त्यापुढे येते. जलनेतीचे गुण सांगताना बहुधा तिचाच आधार घेतला जातो.

नाकावाटे पाणी घेण्याचा स्पष्ट उल्लेख घेरण्डसंहिता या हठयोगाच्याच दुसऱ्या ग्रंथात सापडतो. या ग्रंथाचा काळ निश्चित नाही. तो सतराव्या शतकाच्या अखेरीचा किंवा त्यानंतर लवकरचा असावा, असे मत आता अधिक मान्य होत आहे. मात्र तेथेही ही क्रिया नेतीखाली नसून भालभातीखाली (कपालभातीखाली) येते. भालभातीचे वातक्रम, व्युत्क्रम व शीत्क्रम असे तीन प्रकार दिले असून व्युत्क्रमात पाणी नाकाने ओढून तोंडाने सोडायचे आणि शीत्क्रमात तोंडाने घेऊन नाकाने सोडायचे असते. व्युत्क्रमाने ‘श्लेष्मदोष’ दूर होतो, असे संहिता सांगते. आजच्या जलनेतीत पाणी ओढून घ्यावे लागत नाही. मान एका बाजूस कलती ठेवून तोटीच्या लोट्याने वरच्या नाकपुडीत पाणी सोडले, की ते गुरुत्वाकर्षणाने खालच्या नाकपुडीतून वाहते. म्हणजे नाव एका क्रियेचे, द्रव दुसऱ्या क्रियेचा आणि कृती दोहोंहून वेगळी, अशी ही स्थिती आहे. त्यामुळे जलनेतीचे प्रचलित रूप मध्ययुगीन ग्रंथांतून थेट आलेले नसून विसाव्या शतकातील योगप्रसाराच्या काळात स्थिरावले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधाम या संस्थेने शुद्धिक्रियांचा शरीरक्रियाविज्ञानाच्या अंगाने अभ्यास सुरू केला आणि याच संस्थेने १९७० मध्ये हठप्रदीपिकेची संशोधित आवृत्तीही प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातील योगवर्गांत सुताऐवजी रबरी नळी वापरण्याची जी पद्धत दिसते, ती अर्थातच अर्वाचीन आहे.

आयुर्वेदातील नस्याशी, म्हणजे नाकावाटे औषध देण्याच्या उपचाराशी, नासाधावनाची गल्लत करू नये. अष्टांगहृदयात ‘नासा हि शिरसो द्वारम्’ असे म्हणून ऊर्ध्वजत्रुविकारांत (खांद्याच्या वरच्या भागातील रोगांत) नस्याचे माहात्म्य सांगितले आहे. तेथे द्रव्य मुख्यतः तेल, तूप, रस किंवा चूर्ण असून हेतू नाक धुण्याचा नसून औषध आत पोहोचविण्याचा आहे. नाकपुड्यांत साजूक तुपाचे दोन थेंब सोडण्याची घरगुती चाल प्रतिमर्श नस्याच्या (अल्प मात्रेत रोज घ्यावयाच्या नस्याच्या) परंपरेतील आहे. आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये करोना साथीच्या वेळी सकाळ-संध्याकाळ नाकात तिळाचे किंवा खोबरेल तेल अथवा तूप लावण्याचा जो सल्ला दिला, तोही याच प्रकारातला. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातील उषःपानात (पहाटे पाणी पिण्याच्या विधीत) नाकाने पाणी पिण्याचा उल्लेख आहे, पण त्यात मीठ नाही. इस्लाममधील वुजूतही (नमाजापूर्वी हात-पाय-तोंड धुण्याच्या विधीतही) नाकात पाणी घेऊन ते शिंकरले जाते. ती धार्मिक शुद्धी असून तिचा उल्लेख पुढे सुरक्षिततेच्या संदर्भात येईल.

लवणजलाची संहती, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाण, हा या विषयातील खरा तांत्रिक भाग होय. साध्या पाण्याने नाकात झोंबते, कारण ते ऊतकद्रवापेक्षा विरल असल्यामुळे पेशींत शिरते. रक्तद्रवाशी समतानी, म्हणजे त्याच्याइतकेच खारट, असे द्रावण ०.९ टक्क्याचे, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मिठाचे असते. बारीक मिठाचा सपाट भरलेला एक चहाचा चमचा सुमारे ६ ग्रॅमचा धरल्यास लिटरभर पाण्यास दीड चमचा मीठ पुरते. खडे मिठाच्या कणांत पोकळी अधिक राहत असल्याने चमच्याचे माप फसवे ठरते. ते वजन करूनच घ्यावे. दोन ते तीन टक्क्यांचे अतितानी (रक्तद्रवाहून अधिक खारट) द्रावण श्लेष्मल अस्तराची सूज ओढून घेते, पण अधिक चुरचुरते. चुरचुर कमी व्हावी म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. काहींना आयोडीनयुक्त मिठाचा त्रास होतो, तेव्हा साधे शुद्ध मीठ घेणे बरे. सैंधवाचा आग्रह परंपरेचा आहे. त्याने परिणामात फरक पडतो असे दाखविणारा पुरावा नाही.

परिणामाची उपपत्ती दोन प्रकारे मांडली जाते. नाकाच्या अस्तरावरील सूक्ष्म पक्ष्माभिका (केसांसारखे तंतू) शेंबडाचा थर सतत घशाकडे ढकलीत असतात. लवणजलाने तो थर पातळ होतो आणि त्यात अडकलेले विषाणू व धूळ लवकर निघून जातात, ही पहिली. क्लोराइडचा पुरवठा वाढल्यास पेशी हायपोक्लोरस अम्ल तयार करून विषाणूंची वाढ रोखतात, ही दुसरी. एडिंबरो येथील संशोधकांनी २०१८ मध्ये पेशीसंवर्धात (प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत) ती दाखविली. पहिली उपपत्ती जुनी आणि अधिक मान्य आहे.

चिकित्सालयीन पुरावा मिश्र आहे. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या समीक्षेत ५४४ मुले व २०५ प्रौढ यांच्या पाच चाचण्यांचा विचार झाला. लक्षणे काहीशी हलकी होत असावीत, पण चाचण्या लहान असल्याने खात्री देता येत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. एडिंबरोच्या २०१९ मधील ६६ प्रौढांच्या प्राथमिक चाचणीत सहभागींनी घरीच द्रावण तयार करून नाक धुतले व गुळण्या केल्या. त्यांची सर्दी इतरांपेक्षा सरासरी १.९ दिवस लवकर आटोपली. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांवरील पुढच्या चाचणीत पालकांनी बनविलेल्या २.६ टक्क्यांच्या थेंबांनी आजार आठ दिवसांवरून सहा दिवसांवर आल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी ब्रिटनमधील १३,७९९ व्यक्तींच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजारी दिवसांची सरासरी नेहमीच्या काळजीच्या गटात ८.२, तर लवणजल फवाऱ्याच्या गटात ६.४ आढळली आणि प्रतिजैविकांचा वापरही घटला. तेथे फवारा तयार, बाजारी होता, घरी केलेला नव्हता. या सर्वांतून आजाराचा काळ कमी होतो असे दिसते. संसर्गच होत नाही असे दिसत नाही. हा भेद प्रचारात नेहमी पुसला जातो. लवणजलाने नाक धुतल्याने श्वसनसंसर्ग टळतो याला पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही करोना साथीत स्पष्ट केले होते.

प्रतिबंधक फवाऱ्यांचा पूर्वेतिहास उत्साहवर्धक नाही. १९३७ मध्ये टोरोंटो येथे पोलिओ टाळण्यासाठी सुमारे ५,००० मुलांच्या नाकात जस्त सल्फेट फवारले गेले. संरक्षण मिळाले नाही आणि काहींची वासाची जाणीव गेली. घरी फवारा बनविताना त्यात पोव्हिडोन आयोडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर किंवा अर्क मिसळणे याच कारणाने टाळावे. २०२१ मध्ये नाकात लिंबाचा रस टाकल्याने करोना बरा होतो, अशी अफवा भारतात पसरली होती. पत्र सूचना कार्यालयाने ती खोटी ठरविली.

धोका मिठात नसून पाण्यात आहे. गोड्या, कोमट पाण्यातील नेग्लेरिया फौलेरी हा अमीबा पोटात गेल्यास अपाय करीत नाही, परंतु नाकातून घ्राणतंत्रिकांच्या (वासाच्या मज्जातंतूंच्या) वाटेने मेंदूत पोहोचल्यास होणारा दाह बहुधा प्राणघातक ठरतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोन व्यक्ती त्याने दगावल्या. कराचीत पोहण्याशी संबंध नसलेले रुग्ण आढळल्यावर वुजूच्या पाण्याकडे संशय गेला. केरळात अलीकडे आढळलेल्या रुग्णांमुळे हा विषय भारतातही चर्चेत आला. म्हणून पाणी किमान एक मिनिट, शक्यतो तीन ते पाच मिनिटे, खळखळ उकळून कोमट होऊ द्यावे किंवा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घ्यावे. घरगुती गाळणयंत्रातून आलेले पाणी यासाठी निर्जंतुक मानता येत नाही. द्रावण रोज ताजे करावे आणि लोटा किंवा कुपी धुऊन वाळवावी व प्रत्येकाची स्वतंत्र ठेवावी. क्रियेच्या वेळी श्वास तोंडाने घ्यावा. नंतर पुढे वाकून उरलेले पाणी हलक्या उच्छ्वासांनी काढावे, कारण जोराने शिंकरल्यास ते कानाकडील नलिकेत शिरू शकते. वारंवार घोळणा फुटणारे, कानाचा विकार असलेले आणि नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच ती करावी. तान्ह्या मुलांच्या नाकात पाण्याची धार सोडू नये. त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे लवणजलाचे निर्जंतुक थेंब वापरतात.