मुलांची ऑनलाइन छायाचित्रे आणि कॉपीराइट

इंटरनेटवर टाकलेल्या मुलांच्या छायाचित्रांवर कायद्याने हक्क कोणाचा, हा विषय. फोटो ज्याचा, मालकी त्याची, निदान त्याच्या आईवडिलांची, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात कॉपीराइट (प्रताधिकार) सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो. वाढदिवसाला आईने आपला फोन शेजारणीच्या हाती दिला आणि केक कापतानाचा क्षण तिने टिपला, तर मूल आईचे, फोन आईचा, पण कॉपीराइट शेजारणीचा. मुलाने स्वतः काढलेला सेल्फी मात्र मुलाचाच. तिथे वय आड येत नाही, फक्त त्याच्या वतीने व्यवहार पालक पाहतात.

पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोंचा नियम देशागणिक बदलतो. भारतात १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे मोजणारा पहिला मालक ठरतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सहसा छायाचित्रकारच मालक. मात्र घरगुती कामासाठी काढवून घेतलेले असे फोटो ग्राहकाला विचारल्याशिवाय प्रसिद्ध करता येत नाहीत, अशी तरतूद ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात आहे (कलम ८५). ती सगळीकडे हवी होती.

फोटो समाजमाध्यमावर टाकल्याने मालकी जात नाही. पण खाते उघडताना न वाचता मान्य केलेल्या अटींमधून कंपनीला तो जगभर, विनामोबदला वापरण्याचा परवाना मिळतो.

ज्याचा चेहरा जगासमोर जातो, त्या मुलाला, फोटो त्याने स्वतः काढलेला नसेल तर, कॉपीराइटमध्ये सहसा जागाच नाही, ही यातली सर्वांत बोचणारी गोष्ट. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका मोबाइल कंपनीने अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलीचा फोटो जाहिरातीत वापरला. छायाचित्रकाराने तो इतरांना वापरता येईल अशा खुल्या परवान्याखाली ठेवला होता. मुलीला कोणी विचारलेच नव्हते. तिला आधार शोधावा लागला तो खासगीपणाच्या हक्कात. हा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम १६ मध्ये आहे. फ्रान्सने २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या प्रतिमेचा खासगीपणा जपणे ही आईवडिलांची संयुक्त जबाबदारी ठरवली.

कॉपीराइट आणि खासगीपणा यांतला हा भेद फोटो हटवताना कळीचा ठरतो. परक्याने फोटो उचलला, तर तो स्वतः काढलेल्या आईला कॉपीराइटची तक्रार करता येते. फोटो कापला किंवा त्यावर अक्षरे चढवली तरीही. तोच फोटो शेजारणीने काढलेला असेल, तर ही तक्रार तिनेच करावी लागते, नाहीतर आईला खासगीपणाच्या नियमांखाली दाद मागावी लागते.