गिरकीवर जिंकलेला हंगाम

५ सप्टेंबर १९०६. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं वॉकेशॉ गाव. कॅरोल कॉलेजविरुद्धच्या सामन्यात सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने लंबगोल चेंडू खांद्यावरून पुढे भिरकावला. तो कुणाच्याच हाती न लागता जमिनीवर पडला आणि नियमाप्रमाणे ताबा समोरच्या संघाकडे गेला. अमेरिकन फुटबॉलमधला पहिला कायदेशीर ‘फॉरवर्ड पास’ म्हणून नोंद झाली ती या फुकट गेलेल्या फेकीची. पुढे रॉबिन्सनने पुन्हा हात आजमावला. या वेळी वीस यार्डांवर जॅक श्नायडरने चेंडू झेलला आणि टचडाउन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार पोचून गुण मिळाले. सामना सेंट लुईसने २२-० असा जिंकला.

हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे. यात चेंडू काखोटीला मारून समोरच्यांच्या भिंतीत घुसायचं असतं. १९०५ पर्यंत चेंडू पुढे फेकायला बंदीच होती. तीन प्रयत्नांत पाच यार्ड, म्हणजे जेमतेम साडेचार मीटर, सरकलं की ताबा कायम राहायचा. मग डोकं कोण लढवतो? कबड्डीतल्या साखळीसारखे एकमेकांना धरून सगळे एकाच जागी रेटा लावायचे. त्या रेट्याखाली मुलं चिरडायची. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबर १९०५ मध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली, तरी त्या हंगामात किमान १८ खेळाडू दगावले. पुढच्या वर्षी नियम बदलले. पाचाऐवजी दहा यार्डांची अट आली आणि चेंडू पुढे फेकायला मुभा मिळाली.

मुभा सगळ्यांनाच होती. पण फेक वाया गेली तर ताबा जाणार, म्हणून बहुतेक प्रशिक्षक तिच्यापासून चार हात लांबच राहिले. सेंट लुईसचे एडी कोकेम्स मात्र उन्हाळ्यातच पोरांना घेऊन विस्कॉन्सिनमधल्या लेक ब्यूला तळ्याकाठी जाऊन बसले. तिथे त्यांनी सांगितलेली युक्ती अगदी साधी होती. चेंडू मधोमध धरायचा नाही. त्याच्या शिवणीवर चामड्याची वादी ओवलेली असते. टोकाकडच्या शेवटच्या दोन टाक्यांमध्ये बोटं रोवायची आणि सोडताना मनगटाला पीळ द्यायचा. कोकेम्स नंतर सांगत की तासाभरात रॉबिन्सन धावतच परत आला, चेंडू चाळीस यार्ड जातोय म्हणून!

त्या काळचा चेंडू पोटाला चांगलाच फुगीर होता, मधोमध पंजात मावायचाच नाही. टोकाकडे घेर कमी, त्यामुळे बोटं वळसा घालू शकतात. वादीच्या उंचवट्यामुळे बोट घसरत नाही. हातातून निसटता निसटता बोटं चेंडूची कड खाली ओढतात आणि तो लांब अक्षाभोवती गरगरू लागतो. आजच्या चांगल्या पासमध्ये चेंडू सेकंदाला साधारण दहा गिरक्या घेतो. म्हणजे दोन सेकंदांच्या उड्डाणात वीसेक.

गिरकीने काय साधतं? जाळी गुंडाळून सोडलेला भोवरा आठवा. गुरुत्वाकर्षण त्याला आडवं पाडू बघतं, पण फिरत असेतो तो पडत नाही. फार तर त्याचं डोकं संथपणे गोल फिरतं. फिरणाऱ्या वस्तूपाशी कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, असतो आणि त्याची दिशा सहजी बदलत नाही. गिरकी नसलेला लंबगोल चेंडू हवेत कोलांट्या खातो, आडवा झाला की हवा त्याला रुंद अंगाने अडवते. टोक पुढे ठेवून गेलेल्या चेंडूला होणारा हवेचा विरोध त्यापेक्षा कित्येक पट कमी असतो. सोडताना हात जरा चुकला तर चेंडू डगमगतो, पण त्यातही शिस्त असते: दर पाच गिरक्यांमागे जवळपास तीन हेलकावे. चेंडूच्या लांबट आकारातून, त्याचं वस्तुमान अक्षाभोवती कसं पसरलंय त्यातून, हे प्रमाण येतं.

इथे एक गोम आहे, आणि मला सगळ्यात मजा तिचीच वाटते. कोनीय संवेगाची दिशा बदलत नसेल, तर नाक वर करून फेकलेला चेंडू उतरतानाही नाक वरच ठेवून, शेपटीवर उतरायला हवा. प्रत्यक्षात तो मार्गाबरोबर वळतो आणि नाक खाली करून झेलणाऱ्याच्या हातात येतो. या कोड्याची सोपी उकल रिचर्ड प्राइस, विल्यम मॉस आणि टिमोथी गे या भौतिकशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडली. चेंडूचं नाक मार्गापासून जरा सरकलं की समोरून येणारी हवा त्याला उलथू बघते. भोवऱ्याच्या बाबतीत जे काम गुरुत्वाकर्षण करतं, तेच इथे हवा करते. त्यामुळे चेंडू उलथत नाही, त्याचं नाक प्रवासाच्या दिशेभोवती छोटी वर्तुळं काढत राहतं. मार्ग खाली वाकला की ती वर्तुळंही त्याच्याबरोबर खाली वळतात. म्हणजे जी हवा चेंडूला अडवते तीच त्याला वळवते. चंद्रावर हाच पास फेकला तर तो खरोखरच नाक वर ठेवून उतरेल.

लेक ब्यूलाच्या पोरांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी अकराच्या अकरा सामने जिंकले, ४०७ गुण केले आणि फक्त ११ दिले. हे आकडे जरा सांभाळूनच घ्यावेत, कारण समोर छोटी कॉलेजंही होती आणि सगळे गुण काही पासमधून आले नाहीत. पण हंगामाच्या अखेरीस आयोवासारख्या मोठ्या विद्यापीठालाही त्यांनी ३९-० असं लोळवलं.

तरीही पूर्वेकडच्या नामवंत कॉलेजांनी या प्रकाराची फारशी दखल घेतली नाही. कोकेम्स यांनी १९०७ मध्ये लेख लिहून चेंडू कसा धरायचा आणि फेकायचा ते उघड सांगितलं, शिवाय चेंडूच हाताला सोयीचा करा असंही सुचवलं. चेंडू पुढे टप्प्याटप्प्याने बारीक होत गेला आणि १९३४ च्या सुमारास आजच्यासारखा निमुळता झाला. रॉबिन्सन तोवर डॉक्टर होऊन मिशिगनमध्ये स्थायिक झाला होता, आणि तिथल्या ज्या गावाचा तो महापौर झाला त्याचं नावही सेंट लुईसच.