दोन सिमचा फोन वापरताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"भाऊ, मना फोन चालू शे, पन लोकेसले बंद सांगस."

दुकानाचं शटर वर जाऊन तासही होत नाही, तोवर हे वाक्य कोणीतरी बोलतंच. फोन हातात घेऊन बघावं तर बॅटरी भरलेली, दोन्ही सिमच्या दांड्या पूर्ण, काहीही बिघडलेलं नाही. मग काउंटरवर उभ्या उभ्या तेच समजावून सांगायचं. मागे रिचार्जवाले ताटकळतात, आणि समोरच्यालाही घाईत निम्मंच कळतं. म्हणून साक्रीतल्या आमच्या दुकानातून हे पत्रक काढलं आहे. घरी न्या, निवांत वाचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा.

पाट एकच, फड दोन

दोन सिमचा फोन म्हणजे एका खोक्यात दोन फोन, असं पुष्कळांना वाटतं. तसं ते नाही. सिम म्हणजे फक्त तुमची ओळख. हा नंबर अमक्याचा, एवढंच ते टॉवरला पटवून देतं. टॉवरशी बोलायचं काम फोनमधला रेडिओ करतो, आणि बहुतेक फोनांमध्ये दोन सिमना मिळून तो एकच असतो.

पांझरेकाठच्या माणसाला हे कळायला जड नाही. आपल्याकडच्या फड बागायतीत बंधाऱ्यातून निघणारा पाट एक असतो, आणि त्यावर भिजणारे शेतांचे पट्टे, म्हणजे फड, अनेक. पाटकरी ज्या बाजूला पाणी सोडेल तिथलं पीक भिजतं, बाकीचे आपल्या पाळीची वाट बघतात. फोनचंही असंच. तुम्ही बोलत नसता तेव्हा रेडिओ दोन्ही सिमच्या टॉवरकडे आळीपाळीने कान लावतो, आणि ते इतकं झपाट्याने चालतं की दोन्ही नंबर एकदमच जागे वाटतात. पण एका सिमवर बोलणं सुरू झालं की सगळं पाणी तिकडे वळलं. दुसऱ्या नंबरला टॉवर हाका मारत राहतो, ऐकायला कोणी नसतं, आणि फोन करणाऱ्याला 'बंद आहे किंवा कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे' ही टेप ऐकू येते.

यालाच 'ड्युअल सिम ड्युअल स्टँडबाय' म्हणतात. फोनच्या खोक्यावर नुसतं 'ड्युअल सिम' छापलेलं असेल तर बहुधा हाच प्रकार समजावा. दोन्ही सिमवर एकदम कॉल घेता येणारे फोन निघाले आहेत, पण आपण साधारण ज्या किमतीचे फोन घेतो त्यांत ती सोय धरून चालू नका. घेण्याआधी आम्हाला विचारा. आम्ही दुकानातच दोन सिम घालून, दोन फोन लावून दाखवतो.

यावरून घरांत वाद होतात, ते आम्ही रोज बघतो. सुरतेला कामाला गेलेला मुलगा आईला फोन करतो, टेप लागते, तो घाबरतो. आई इकडे दुसऱ्या नंबरावर लेकीशी बोलत असते. कुणी मुद्दाम फोन बंद ठेवलेला नसतो. कॉल वेटिंग चालू असूनही असं का होतं, असं लोक विचारतात. कॉल वेटिंग त्याच सिमपुरतं काम करतं. एक नंबरावर बोलताना एक नंबरावरच दुसरा कॉल आला तर टूं-टूं ऐकू येईल. दोन नंबरावर आला तर नाही.

यावर साधा उपाय आहे. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये प्रत्येक सिमचं कॉल फॉरवर्डिंग वेगळं असतं. त्यात 'संपर्क होत नसेल तेव्हा' या ठिकाणी दुसऱ्या सिमचा नंबर टाकायचा, आणि दुसऱ्या सिममध्ये पहिल्याचा. कॉल वेटिंग दोन्हीकडे चालू ठेवायचं. मग एका सिमवर बोलत असताना दुसऱ्यावर आलेला कॉल वळून त्याच सिमवर टूं-टूं करतो. वळवलेला कॉल तुमच्या प्लॅनमधून जातो, म्हणून कॉल अमर्यादित असतील तरच हे करा. आमच्याकडे आलात तर दोन मिनिटांत करून देऊ, पैसे घेत नाही.

मात्र एक ध्यानात ठेवा. फोनवरून कोणी अनोळखी माणूस 'अमुक नंबर दाबा' म्हणून सांगत असेल, तर काहीही दाबू नका. तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घ्यायचे आणि त्यातून ओटीपी काढायचा, हा चोरांचा जुना धंदा आहे. फसलात तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.

नेट कुठल्या सिमवर

इंटरनेट एका वेळी एकाच सिमवर चालतं. कोणत्या, ते सेटिंगमध्ये ठरतं. 'दोन्हींत रोजचा दीड-दीड जीबी आहे, मग तीन जीबी का नाही मिळत?' तर एकाचा संपला की दुसऱ्यावर तुम्हाला स्वतः जावं लागतं. काही फोन आपोआप बदलतात, पण ती सोय आधी चालू करावी लागते.

नेट एका सिमवर आणि बोलणं दुसऱ्यावर असेल, तर बोलेपर्यंत नेट थांबतं. बाजार समितीत भाव विचारता विचारता कुणी यूपीआयने पैसे पाठवू बघतो आणि व्यवहार मध्येच अडकतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. अशा वेळी घाबरून परत पाठवू नका. कॉल ठेवा, बँकेचा मेसेज येऊ द्या, मग बघा. नव्या फोनांत कॉल चालू असताना डेटा तात्पुरता दुसऱ्या सिमवर वळवायचा पर्याय असतो, तो चालू ठेवलेला बरा.

व्हॉट्सअ‍ॅपचा नेटच्या सिमशी संबंध नाही. व्हॉट्सअ‍ॅप ज्या नंबरावर काढलं त्याच नंबरावर राहतं, नेट कुठल्याही सिमचं असो. नेटचं सिम बदललं म्हणून व्हॉट्सअ‍ॅप बदललं, असं होत नाही.

पण यूपीआयचं तसं नाही, आणि इथे सगळ्यात जास्त लोक अडतात. यूपीआयचं अ‍ॅप नव्याने सुरू करताना फोनमधून एक मेसेज आपोआप जातो. बँकेत जो नंबर दिलेला आहे, त्याच सिमवरून तो गेला पाहिजे. तुम्ही सिम १ निवडलं आणि बँकेत नंबर सिम २ चा असेल, तर अ‍ॅप 'पडताळणी झाली नाही' एवढंच सांगतं, कारण सांगत नाही. त्या सिमवर मेसेज जाण्याइतका रिचार्जही हवा. आणि सिम हरवून त्याच नंबराचं नवं काढलं असेल तर पहिले २४ तास मेसेज येत-जात नाहीत. ही बंदी फसवणूक टाळायला मुद्दाम घातलेली आहे, त्या दिवशी ओटीपी येणारच नाही. तेव्हा कापूस विकल्याचे पैसे त्याच दिवशी काढायचे असतील तर सिम आदल्या दिवशी बदलू नका.

दुसरा नंबर मरू देऊ नका

हे पत्रक काढावंसं वाटलं ते खरं तर यासाठी.

दोन सिम झाले की एक लाडकं आणि एक सावत्र होतं. लाडक्यावर महिन्याच्या महिन्याला रिचार्ज होतो, सावत्र पडून राहतं. प्लॅन संपला की आधी जाणारे कॉल बंद होतात, पुढे काही दिवसांनी येणारेही. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमानुसार प्रीपेड नंबराचा ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. शिल्लक २० रुपये किंवा जास्त असेल तर त्यातले २० कापून ३० दिवस वाढवून मिळतात, आणि बंद झाल्यावर परत चालू करायला १५ दिवसांची सवलत असते. त्यानंतर नंबर गेला. पुढे किमान ९० दिवस तो कुणाला देत नाहीत, पण नंतर देतात.

आमच्याच घरी हे घडलं. आईच्या बँक खात्याला तिचा जुना नंबर होता, बटणांच्या फोनमधला. नवा फोन घेऊन दिला तेव्हा नवं सिम घातलं, आणि जुनं सिम तिने देव्हाऱ्याखालच्या डबीत, हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी नीट जपून ठेवलं. सिम जपलं म्हणजे नंबर जपला, असं तिला वाटलं, आणि आमच्याही लक्षात आलं नाही. पुढे ठेव मोडायची वेळ आली, ओटीपी येईना. त्या नंबरावर फोन लावला तर कुणी परकाच माणूस बोलला. भला होता, त्याने 'काकूंना सांगा, असे मेसेज येतात खरे' म्हणून सांगितलं. भला नसता तर? शाखेत अर्ज, ओळखपत्रं, अंगठा, तीन खेपा. सत्तरीच्या बाईला एप्रिलच्या उन्हात तीन वेळा बँकेत न्यावं लागलं, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

म्हणून कुठला नंबर कुठे दिला आहे, ते एका कागदावर लिहून काढा. बँक, आधार, पीएम किसान, गॅस, महाडीबीटी, रेशन, पोरांची शाळा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी कितीतरी बायका आमच्याकडे आल्या, आधारला जोडलेला नंबर कुठला, हेच माहीत नाही. कुणाचा भावाचा, कुणाचा ज्या सायबर कॅफेत फॉर्म भरला तिथल्या पोराचा. तो नंबर स्वतःचा करून घ्या. ते आधार केंद्रावर करून मिळतं, आमच्या दुकानातून होत नाही.

सावत्र सिम स्वस्तात जिवंत ठेवता येतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक द्यायला लावले, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. ज्या सिमवर नेट लागतच नाही, त्यावर नेटचा पॅक कशाला मारायचा? आम्हाला स्पष्ट सांगा, 'नुसता चालू ठेवायचा आहे'. जास्तीचा पॅक गळ्यात मारणं आम्हाला जमणार नाही.

ट्रे, पिन आणि कापलेलं सिम

सिमचा ट्रे काढताना आधी नीट बघा. फोनच्या कडेला किंवा खाली दोन बारीक भोकं असू शकतात. ट्रेची रेघ ज्याच्या भोवती आहे ते ट्रेचं. दुसरं माइकचं. कानातल्याच्या दांडीने किंवा सेफ्टी पिनने माइकच्या भोकात दाबलं की आतला पडदा फुटतो आणि समोरच्याला तुमचा आवाज जात नाही. अशी दुरुस्ती आमच्याकडे दर महिन्याला येते.

आजच्या फोनांना नॅनो सिम लागतं, १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं. जुनं मोठं सिम कात्रीने कापून बसवू नका. ते फसतं, आणि ओढताना आतल्या बारीक पिना वाकतात. कंपनीच्या केंद्रातून तोच नंबर नव्या आकारात मिळतो. बऱ्याच फोनांत ट्रेमधली दुसरी जागा सामाईक असते, एक तर दुसरं सिम नाही तर मेमरी कार्ड. लग्नाचे फोटो कार्डात आणि दोन नंबर, दोन्ही पाहिजे असेल तर तीन जागांचा फोन घ्या. बऱ्याच जुन्या ४जी फोनांत दुसऱ्या जागेत फक्त २जी-३जी चालतं, त्यामुळे नुसत्या ४जीवर चालणारं सिम तिथे बसतं पण लागत नाही. सिम खराब समजून टाकू नका, जागा बदलून बघा.

दोन सिम घेताना वेगवेगळ्या कंपन्यांची घ्यावीत, असं आमचं मत आहे. एका कंपनीचा टॉवर पडला तर दुसरी कामाला येते. कोंडाईबारीचा घाट उतरताना डोंगर आडवे येतात, तिथे हा फरक जाणवतो. पुढे नवापूरला तर रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. तिथे फोन कधी गुजरातचा टॉवर धरतो आणि रोमिंग दाखवतो. देशातल्या देशात त्याची भीती नाही, फक्त डेटा रोमिंग बंद असेल तर नेट थांबेल, ते चालू करा.

सिग्नल कमी असेल तिथे फोन दोन्ही सिमसाठी टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी लवकर उतरते. मे महिन्यात शेतात, मोटारसायकलच्या टाकीवरच्या कव्हरमध्ये फोन ठेवला तर आधीच तो भाजलेला असतो. अशा वेळी न लागणारं सिम सेटिंगमधून थोडा वेळ बंद करावं. सिम काढायची गरज नाही.

फोन हरवला तर

दोन सिमच्या फोनला आयएमईआय नंबरही, म्हणजे फोनचे स्वतःचे ओळख क्रमांक, दोन असतात, १५-१५ आकडी. डायल पॅडवर *#०६# दाबलं की दिसतात. आजच दोन्ही बिलावर लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार द्या, दोन्ही सिम बंद करून त्याच नंबरांची नवी काढा, आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. बिलाची प्रत नसेल तर आमच्याकडे या, आमच्याकडून घेतलेल्या फोनचं बिल आम्ही शोधून देतो. त्याच पोर्टलवर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत तेही दिसतं. एका माणसाच्या नावावर ९ पर्यंत चालतात. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच कळवा.

सेटिंग करून घ्यायला येताना फोन चार्ज करून आणा, आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवा, म्हणजे कुठला नंबर दिला आहे ते विचारता येईल. पिन आणि ओटीपी आम्हालाही सांगू नका, स्वतःच्या हाताने टाका. बाजाराच्या दिवशी गर्दी असते. सकाळी लवकर आलात तर निवांत बसून करू.